टेकडीची उंची

ड्रुसिला पार्डीची चित्रं माझ्याकडे येतात
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून,
वरून मासेमारीच्या दोरीची गाठ.
मी फ्रेमा करतो, प्लासेंशियात, न्यूफाउंडलंडच्या या टोकाला.
मापं घेणं हा माझा धंदा.

कॅनव्हास नाहीच. कपाटाची दारं,
पलंगाची फळी, एकदा तर पाव मळायचा पाट.
रंग होड्यांचे, डब्यांच्या तळाशी उरलेले.
नवऱ्याच्या होडीचा हिरवा तिच्या कुरणांना,
शेजाऱ्याच्या होडीचा पिवळा खिडक्यांना.
निळा तिला कधी पुरत नाही,
आणि ती तो विकतही घेत नाही.

गाव एकच. हॅगर्टी कोव्ह.
सदुसष्ट साली सरकारने सांगितलं, उठा,
इथे डॉक्टर येणार नाही, वीज येणार नाही.
माणसं उठली. घरंसुद्धा उठली.
रिकामी पिंपं बांधून, भरती साधून
घरं पाण्यात ढकलली
आणि होड्यांनी ओढत नेली उपसागरापलीकडे,
दावं लावून गुरं न्यावीत तशी.

मी तेव्हा दोन वर्षांचा.
मला त्यातलं काही आठवत नाही.
जे आठवतं
ते मीच चौकटीत बसवलेलं.

ऑगस्टात चर्चच्या हॉलमध्ये चित्रं मांडली,
तेव्हा म्हातारे फळ्यांना नाक लावून भांडले.
चर्च या अंगाला नव्हतं, सिरिल बुलन म्हणाला,
आणि ही टेकडी! ही टेकडी आहे की भूत?
पाऊण फळी टेकडीने खाल्ली होती,
आभाळाला बोटभर जागा.
ड्रुसिला खुर्चीत बसून मोजे विणत होती.
"तू ती कधी चढलास, सिरिल?
दोन बादल्या पाणी घेऊन,
सातव्या महिन्यात?"
सिरिल चहा आणायला गेला.

गेल्या जूनमध्ये मी तिकडे जाऊन आलो,
भाच्याच्या मोटरबोटीतून, दीड तास.
घरांचे चौथरे. माजलेला रूबार्ब.
कुंपण पडलेली दफनभूमी. आणि टेकडी.
सवय जाता जात नाही, मी पावलांनी मोजली.
एक सिगारेट संपायच्या आत माथ्यावर.
आणि वर उभा राहून मला लाज वाटली,
कुणाचं पत्र चोरून वाचल्यासारखी.

परतल्यावर तिने काही विचारलं नाही.
नवं चित्र हातात दिलं.
दाराची अर्धी फळी, आडवी, बिजागऱ्यांच्या खाचा तशाच.
तिचं घर, पाण्यावरून चाललेलं,
पडदे ओढलेले, धुराड्यातून धूर.
"धूर?" मी म्हटलं. "आत कोण होतं?"
"कुणी नाही. पण चूल विझवल्याचं
मला आठवत नाही."

घराखाली समुद्र नव्हता.
उघडं लाकूड, त्याच्या शिरा, एक गाठ.
निळा संपला असेल, मला वाटलं.
माझ्याकडे एक डबा पडलाय, पाठवू?

विणायच्या सुया थांबल्या.
"त्या दिवशी मी घराकडे बघत होते, लिअँडर.
पाण्याकडे पाहिलंच नाही.
मग आता कुठून आणू?"

मी फळी दुकानात आणली.
कडा वाकड्या, रंधा मारायला हवा होता.
रात्री दिवा तिरका धरून पाहिलं,
लाकडाच्या शिरा हलत होत्या,
किंवा माझा हात.

मग मागच्या बाजूला तारीख टाकायला फळी उभी केली
तर तिथे आधीच पेन्सिलीच्या रेघा,
एकीवर एक, शिडीसारख्या,
प्रत्येकीपुढे नाव, महिना.
तिच्या मुली. बुलनांचा धाकटा. एक नाव खोडलेलं नाही
पण त्याची रेघ पुढे वाढतही नाही.
सगळ्यात खाली, माझ्या मांडीपाशी,
लिअँडर, मे सदुसष्ट.

चित्राच्या पाठीला मी नेहमी तपकिरी कागद चिकटवतो,
धूळ जाऊ नये म्हणून.
कापून ठेवलाय.
अजून लावलेला नाही.